प्रतिस्पर्ध्याच्या आखाड्यातील पाहुणा शुभंकर

जबलपूर : पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आणि कान्हा व्याघ्र प्रकल्पाकडे निघालेल्या पर्यटकांचा महत्त्वाचा टप्पा, अशी जबलपूर शहराची दुहेरी ओळख आहे. या दोन्ही ओळखींशी एकेका शुभंकराचे नाते जोडलेले आहे. हाती हिरवा कंदील घेतलेला 'भोलू' हा हत्ती भारतीय रेल्वेने आपल्या दीडशेव्या वर्षानिमित्त २००२ साली आणला आणि २००३ साली तो कायमचा शुभंकर म्हणून स्वीकारला. कान्हा प्रकल्पाने २०१७ साली 'भूरसिंग' या बारशिंग्याला हा मान दिला. अधिकृत शुभंकर स्वीकारणारा कान्हा हा देशातील पहिला व्याघ्र प्रकल्प ठरला.

हे दोन्ही शुभंकर आपापल्या घरचे प्रतिनिधी आहेत. भोलू रेल्वेच्या कार्यक्रमात शोभतो, तर भूरसिंग जंगलाची ओळख करून देतो. व्हिडिओ गेमच्या जगात मात्र शुभंकर परक्या घरीही जातो आणि तेथे यजमानाशीच दोन हात करतो. वेगवेगळ्या कंपन्यांची पात्रे एकाच आखाड्यात उतरवणाऱ्या लढतीच्या गेममध्ये ही प्रथा रुजली आहे. जपानमधील सेगा कंपनीचा 'सॉनिक' हे तिचे सर्वांत बोलके उदाहरण होय.

दोन घराण्यांचे वैर

भारतात १९९०च्या दशकात दूरचित्रवाणी संचाला जोडून, कॅसेट घालून खेळायचे 'टीव्ही गेम' लोकप्रिय झाले. त्यांतून निन्टेंडो कंपनीचा मिशीवाला मारिओ अनेक घरांत पोहोचला. मारिओचे पात्र प्रथम १९८१ साली 'डाँकी काँग' या गेममध्ये दिसले. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ने त्याला कंपनीचा चेहरा बनवले.

या चेहऱ्याला उत्तर म्हणून सेगाने २३ जून १९९१ रोजी सॉनिक बाजारात आणला. हेजहॉग हा साळिंदरापेक्षा बराच लहान असा काटेरी प्राणी. संकटसमयी तो अंगाचा गोळा करतो. सॉनिकच्या निर्मात्यांनी याच सवयीतून त्याची चाल घडवली. निळ्या रंगाचा हा प्राणी चेंडूसारखा गुंडाळून वेगाने धावतो आणि वाटेतील शत्रूंना उडवून लावतो. मारिओपेक्षा आपला नायक वेगवान आहे, हा सेगाच्या जाहिरातींचा मुख्य सूर होता.

पुढे परिस्थिती पालटली. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने 'ड्रीमकास्ट' या आपल्या गेमयंत्राचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. यापुढे कंपनी इतरांच्या यंत्रांसाठी केवळ गेम तयार करणार होती. सेगाच्या ज्या यंत्रांची जाहिरात करण्यासाठी सॉनिकचा जन्म झाला, ती यंत्रेच राहिली नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस सॉनिकचे गेम निन्टेंडोच्या यंत्रांवर येऊ लागले.

आखाड्याचे वेगळे नियम

निन्टेंडोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स' या मालिकेचा पहिला भाग जानेवारी १९९९ मध्ये जपानमध्ये प्रसिद्ध झाला. मासाहिरो साकुराई हे तिचे दिग्दर्शक. मारिओ, पिकाचू, लिंक अशी निन्टेंडोच्याच निरनिराळ्या गेममधील १२ पात्रे त्यात परस्परांशी लढत होती.

मुलांची आवडती पात्रे एकमेकांना मारताना दाखवायची, तर मारामारीचे स्वरूप बदलणे भाग होते. लढतीच्या बहुतेक गेममध्ये तडाखा बसला की योद्ध्याची शक्ती दाखवणारी पट्टी कमी होत जाते आणि ती संपताच योद्धा कोसळतो. साकुराई यांनी ही पद्धत उलटी केली. येथे तडाख्यागणिक टक्केवारीचा आकडा वाढतो. आकडा जितका मोठा, तितके ते पात्र पुढच्या फटक्याने दूर उडते. रंगमंचाच्या सीमेबाहेर फेकले गेले की डाव गमवावा लागतो. रक्त सांडत नाही, कोणी मरतही नाही. पहिल्या भागाच्या आरंभी तर एक हात टेबलावर बाहुल्या मांडताना दिसतो आणि त्या बाहुल्याच जिवंत होऊन लढू लागतात.

या रचनेचा फायदा पुढे पाहुण्यांना झाला. शुभंकराच्या प्रतिमेला तडा जाऊ नये, ही प्रत्येक मालक कंपनीची काळजी असते. बाहुल्यांच्या खेळात हार पत्करण्यात तिला कमीपणा वाटण्याचे कारण उरत नाही.

अफवा खरी ठरली

सॉनिक आणि मारिओ समोरासमोर यावेत, ही चाहत्यांची जुनी इच्छा होती. 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या अमेरिकी मासिकाने २००२ साली एप्रिल फूलच्या निमित्ताने एक थाप मारली. मालिकेच्या दुसऱ्या भागात एक अवघड टप्पा पार केल्यास सॉनिक खेळायला मिळतो, असे त्यात म्हटले होते. त्यावर विश्वास ठेवून अनेकांनी तो टप्पा पार करण्याचा खटाटोप केला.

मे २००६ मध्ये कोनामी कंपनीचा 'सॉलिड स्नेक' हा गुप्तहेर मालिकेच्या तिसऱ्या भागात येणार असल्याचे जाहीर झाले. निन्टेंडोबाहेरील पात्रांसाठी दार उघडल्याचे यातून स्पष्ट झाले. १० ऑक्टोबर २००७ रोजी सॉनिकच्या आगमनाचीही घोषणा झाली. त्यानंतरच्या महिन्यात बीजिंग ऑलिम्पिकवर आधारित खेळांच्या गेममध्ये मारिओ आणि सॉनिक प्रथमच एकत्र दिसले. प्रत्यक्ष लढत मात्र 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल'मध्ये झाली. हा गेम जपानमध्ये ३१ जानेवारी २००८ रोजी विक्रीस आला. सेगाच्या त्या घोषणेला त्या दिवशी बरोबर सात वर्षे झाली होती.

पाहुणा सोबत काय आणतो?

पाहुणा शुभंकर केवळ चेहरा घेऊन येत नाही. त्याची मूळ चाल, त्याचे ठिकाण आणि त्याचे ध्वनीही सोबत येतात. 'ब्रॉल'मध्ये सॉनिक हा सर्वांत वेगवान धावपटू आहे. गुंडाळून केलेली धडक, उंच उडवणारी स्प्रिंग, शत्रूचा वेध घेणारी झेप, असे त्याचे डाव त्याच्या जुन्या गेममधून घेतलेले आहेत. पहिल्या सॉनिक गेममधील 'ग्रीन हिल झोन' हा हिरवागार प्रदेश येथे लढतीचा रंगमंच झाला आहे. अखेरचे अस्त्र म्हणून तो सोनेरी 'सुपर सॉनिक'चे रूप घेतो.

यजमानाच्या नियमांशी जुळवून घेणेही त्याला चुकत नाही. स्वतःच्या गेममध्ये सॉनिकला मैलोगणती मोकळी वाट असते, तर या आखाड्यात चार पावलांवर कडा आहे. म्हणून त्याचा वेग येथे झटकन जवळ जाऊन वार करण्यासाठी आणि तितक्याच चपळाईने निसटण्यासाठी वापरला जातो. वेगाची भरपाई म्हणून त्याचे बरेचसे तडाखे तुलनेने हलके ठेवले आहेत.

'ब्रॉल'मधील कथानकातही त्याला नेमके काम मिळाले आहे. संपूर्ण कथेत तो कोठेच दिसत नाही. अंतिम लढतीच्या वेळी ताबू हा खलनायक सर्वांचा एकदम नाश करू पाहतो, तेव्हा सॉनिक धावत येऊन त्याच्या पंखांना इजा करतो. त्यामुळे खलनायकाचे अस्त्र दुबळे होते. विजयाचे श्रेय सर्वांमध्ये वाटले जाते, परंतु पाहुण्याविना तो विजय शक्य झाला नसता, अशी ही मांडणी आहे.

आदर आणि थट्टा

प्रत्येक पाहुण्याच्या वाट्याला असा मान येत नाही. कॅपकॉम कंपनीच्या २०१२ सालच्या 'स्ट्रीट फायटर एक्स टेक्केन' या गेममध्ये नामको कंपनीचा पॅकमॅन एका मोठ्या लाकडी यंत्रमानवावर बसून लढला. याच गेममध्ये कॅपकॉमने स्वतःच्या 'मेगा मॅन'ला पोट सुटलेल्या प्रौढाच्या रूपात आणले. पहिल्या मेगा मॅन गेमच्या अमेरिकी वेष्टनावरील बेढब चित्राची ती थट्टा होती. आदल्याच वर्षी कॅपकॉमने मेगा मॅनचा एक बहुप्रतीक्षित गेम रद्द केला असल्याने ही थट्टा अनेक चाहत्यांना झोंबली.

२०१४ साली हीच दोन्ही पात्रे 'सुपर स्मॅश ब्रदर्स'च्या पुढील भागात आली. तेथे मेगा मॅनचे डाव त्याने जुन्या गेममधील शत्रूंकडून मिळवलेल्या शस्त्रांवर बेतलेले होते. पॅकमॅन फळे फेकून मारत होता आणि वेळ येताच १९८० सालच्या आपल्या मूळ गोल, पिवळ्या रूपात शिरत होता.

पाहुण्याची मालकी मूळ कंपनीकडेच राहते, हेही लक्षात घ्यावे लागते. प्रत्येक नव्या भागासाठी नव्याने बोलणी होतात. यातूनच काही पात्रे मध्येच गळतात. स्नेक २०१४ सालच्या भागात नव्हता आणि २०१८ साली 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट'मध्ये परतला. या भागात २०२१ साली अखेरचे पात्र दाखल झाले, तेव्हा योद्ध्यांची एकूण संख्या ८९ झाली होती. सॉनिक २००८ पासून मालिकेच्या प्रत्येक भागात राहिला.

भारतीय शुभंकरांसाठी अर्थ

भारतातील अनेक शुभंकर एखाद्या सोहळ्यापुरते जन्मले. दिल्लीतील १९८२ सालच्या आशियाई स्पर्धांचा 'अप्पू' हत्ती पुढे 'अप्पू घर' या उद्यानाच्या नावातून काही काळ टिकला. ते उद्यानही २००८ साली बंद झाले. २०१० सालच्या राष्ट्रकुल स्पर्धांचा 'शेरा' वाघ स्पर्धांसोबतच मागे पडला. या शुभंकरांना रूप आणि नाव मिळाले. ते कसे चालतात, कशाला घाबरतात, संकटात काय करतात, हे सांगणारी गोष्ट मात्र लोकांच्या मनात रुजली नाही. पाहुणा म्हणून नेमके हेच मागितले जाते.

भूरसिंगाजवळ ही सामग्री उपजतच आहे. इतर बारशिंगे दलदलीत रमतात, तर कान्हाच्या बारशिंग्याचे खूर कठीण जमिनीला सरावलेले आहेत. माजाच्या काळात नर आपल्या शिंगांवर गवत माळतो आणि प्रतिस्पर्ध्याला सामोरा जातो. १९७० साली कान्हात हे बारशिंगे अवघे ६६ उरले होते. संरक्षणाच्या प्रयत्नांमुळे त्यांची संख्या पुढे कित्येक पटींनी वाढली.

यंत्राची जाहिरात करण्यासाठी जन्मलेला सॉनिक ते यंत्र बंद झाल्यावरही टिकला आणि प्रतिस्पर्ध्याच्या घरी मानाने उभा राहिला. त्याच्या धावण्याची तऱ्हा खेळणाऱ्यांच्या बोटांत भिनलेली होती, हे त्याचे कारण. कान्हाच्या बारशिंग्याचीही अशीच एखादी तऱ्हा मुलांच्या ओळखीची झाली, तर जंगलात कधी पाऊल न टाकलेल्या मुलालाही ते ६६ बारशिंगे कोणते, हे ठाऊक होईल.