काडतुसाची पारख

गोळी निशाणावर लागली की लोक नेमबाजाची पाठ थोपटतात आणि चुकली की त्यालाच बोल लावतात. काडतूस कसे भरले होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वस्तू पाहिली की ती करणारे हात आम्हांला आधी आठवतात. म्हणून हा विषय घेतला.

जुन्नर-आंबेगावच्या श्रोत्यांना खडकीचा दारूगोळा कारखाना ऐकून ठाऊक असेलच. तो 1869 सालचा. 2021 च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. काडतुसाचे मुख्य भाग चार: पितळी कवच, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. कारखान्यात ते यंत्रावर भरतात. अमेरिकेसारख्या देशांत हौशी नेमबाज घरीच हाताने भरतात आणि दारू ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. दारू कमीजास्त झाली की गोळीचा वेग बदलतो आणि लांबच्या निशाणावर ती वर किंवा खाली लागते. आपल्याकडे परवान्यावाचून काडतुसे बनविणे 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा हा प्रयोग कोणी घरी करू नये. पण पारखण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

मंचरच्या बाजारात जाणता व्यापारी कांद्याच्या पिशवीत वरवर न पाहता आतपर्यंत हात घालतो. काडतुसाची अडचण याहून मोठी. जे उडवून पाहिले ते संपले. म्हणून एका लॉटमधून, निवड न करता, थोडे नग काढायचे आणि त्यांवरून उरलेल्यांचा निवाडा करायचा.

त्यासाठी रायफल भक्कम टेकूवर बसवितात, म्हणजे माणसाच्या हाताचा दोष काडतुसाच्या माथी येत नाही. रायफल तीच, अंतर तेच, वारा शक्यतो पडलेला. नळी फार तापू नये म्हणून दोन बारांमध्ये सारखा वेळ सोडतात. मग कागदावर छिद्रांचा जो पुंजका उमटतो, त्यातल्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधले अंतर मोजतात.

खरी फसगत येथेच होते. तीन गोळ्या जवळजवळ पडल्या की माणूस हुरळून जातो. पण तेच काडतूस, तीच रायफल असली तरी गोळ्या वाढल्या की पुंजका रुंदावतोच. दहा गोळ्यांचा पुंजका पाचांच्या पुंजक्याच्या सरासरीने सव्वापट भरतो. म्हणून तिनांची दहांशी तुलना करणे म्हणजे पायलीचे माप शेराने मोजणे. दुसरी खोड अशी की, बाहेर गेलेली गोळी ‘हात हलला’ म्हणून हिशेबातून वगळायची. कागद पाहण्याआधी तसे सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. पाहिल्यानंतरची सबब धरू नये.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. त्या निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे. या खेळातली लहान काडतुसे कारखान्यातूनच भरून येतात. तेथे वरच्या दर्जाचे नेमबाज रायफल घट्ट आवळून निरनिराळे लॉट उडवून पाहतात आणि जो जुळेल तोच घेतात. एकाच कारखान्याचे, एकाच नावाचे दोन लॉटसुद्धा एका नळीला सारखे मानवतीलच असे नाही.

आता आमचा मुद्दा. माल नापास झाला की बोट प्रथम भरणीच्या बाकावरच्या माणसाकडे वळते. किती नग घ्यायचे, मर्यादा कोणती, कोणता बार बाद धरायचा, हे आधी लिहून ठेवलेले असेल आणि प्रत्येक छिद्राची नोंद असेल, तर दोष दारूचा, यंत्राचा, नळीचा की हाताचा, ते शोधता येते. नसेल तर जो गरीब त्याच्यावर तो ढकलला जातो. काडतूस हाती घेणाऱ्या जवानालाही अशीच पारख हवी. त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. म्हणून कसून तपासणी होऊ नये, असे आम्ही कामगारांच्या वतीने कधीच म्हणणार नाही. ती उघड्यावर व्हावी आणि तिची वही बाकावरच्या माणसालाही पाहायला मिळावी, एवढेच आमचे मागणे आहे.