बर्नार्डची दीर्घिका आणि तिचे तांबडे तेजोमेघ

धनु राशीच्या ईशान्य भागात प्रकाशाचा एक अतिशय फिकट डाग आहे. ई. ई. बर्नार्ड यांनी १८८४ साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे सहा इंची दुर्बिणीतून तो प्रथम पाहिला. डोळ्याला त्यात धूसरपणापलीकडे काही दिसत नाही. हा आपल्या आकाशगंगेतीलच एखादा वायुमेघ, की तिच्याबाहेरचा तारासमूह, हे नुसत्या पाहण्याने ठरण्यासारखे नव्हते.

त्याचा निवाडा छायाचित्रांनी केला. डोळा प्रकाश साठवीत नाही. छायाचित्रणाच्या काचेवर मात्र तो तासतासभर साचत राहतो. माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचांवर एडविन हबल यांना या डागातील सुटे तारे ओळखता आले व त्यांत ११ तारे सेफीड जातीचे रूपविकारी निघाले. अशा ताऱ्याचे तेज ठरावीक कालावधीने कमीअधिक होते आणि कालावधी जितका मोठा, तितके त्याचे मूळ तेज अधिक असते. मूळ तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. १९२५ साली हबल यांनी ते सुमारे ७ लाख प्रकाशवर्षे ठरविले. सेफीडांचे मूळ तेज त्या काळी कमी धरले जाई. आजचा आकडा सुमारे १६ लाख आहे. चूक मोठी खरी, परंतु निर्णय अबाधित राहिला: ही आकाशगंगेच्या पुष्कळ बाहेरची एक स्वतंत्र, लहानशी दीर्घिका होय.

त्याच काचांवर काही तेजोमेघही उमटले होते. तेथे नवे तारे जन्मास येत आहेत. तप्त, तरुण ताऱ्यांच्या जंबुपार किरणांनी हायड्रोजनच्या अणूंतील इलेक्ट्रॉन अलग होतात, आणि ते पुन्हा अणूंशी मिळताना ६५६.३ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा तांबडा प्रकाश बाहेर पडतो. आजचे छायाचित्रकार एवढाच प्रकाश आत सोडणारी गाळणी कॅमेऱ्यापुढे बसवितात. मग वाटेतल्या असंख्य ताऱ्यांचा झगमगाट मंदावतो व मेघ उठून दिसतात. काही मिनिटांची एकेक अशी अनेक चित्रे घेऊन ती एकत्र मिळवितात. तोवर पृथ्वीच्या परिवलनाबरोबर दुर्बीण अचूक फिरती ठेवावी लागते. या दीर्घिकेत जड मूलद्रव्ये सूर्यातल्यापेक्षा बरीच कमी असल्याने, प्राचीन विश्वात तारे कसे घडले असावेत याचा अभ्यास येथे जवळून करता येतो.

जुलैत ही दीर्घिका मध्यरात्री सर्वांत उंच येते, आणि नेमके तेव्हाच भारताच्या बहुतेक भागांत आभाळ भरलेले असते! येथल्या छायाचित्रकाराला मे महिन्याची पहाट किंवा ऑक्टोबरची संध्याकाळ गाठावी लागते.