शाहूपुरीत उतरलात? मग जेवायचं इथं!

मंडळी, कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड दोन्ही शाहूपुरीला लागून, त्यामुळे खाणं इथूनच सुरू करा. ही पेठ शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसवली. रेल्वे चारच वर्षं आधी, 1891 मध्ये आली होती.

सकाळी थेट शिवाजी उद्यमनगरात फडतरेंची मिसळ गाठा. मटकीची उसळ, फरसाण, वर झणझणीत कट, आणि सोबत पाव नव्हे, ब्रेडच्या स्लाइस. कोल्हापुरात मिसळ अशीच खातात. कसबा बावड्याची मिसळही जोरदार आहे, पण माझं मत उद्यमनगरला.

दुपारी मटणाचं ताट. लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाऊस, नाहीतर ओपल. आधी पांढरा रस्सा वाटीनं प्या: मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू. मग कांदा-लसूण मसाल्याचा तांबडा. पांढऱ्यावरून हॉटेल ओळखावं असं मी ठामपणे सांगतो, कारण तिखटाआड काहीही लपतं, पांढऱ्यात मटणाची खरी चव उघडी पडते. रस्सा संपला की निःसंकोच पुन्हा मागा.

संध्याकाळी खासबाग. शाहू महाराजांच्या कुस्ती मैदानाशेजारी राजाभाऊंची भेळ खायचीच.

रात्री झोपण्याआधी गंगावेशीतला दूधकट्टा. म्हैस तुमच्यासमोर पिळतात आणि फेसाळ, कोमट धारोष्ण दुधाचा ग्लास हातात येतो. पोट नाजूक असेल तर अर्धाच घ्या.

तुमची आवडती जागा राहिली असेल तर खाली लिहा, मी नक्की जाईन.