चंद्राच्या चित्रफिती आणि जुनी यंत्रे

कागदावरील अक्षर वाचण्यास डोळे पुरतात. चुंबकीय फितीवरील नोंद वाचण्यास यंत्र लागते. म्हणून अशी नोंद जतन करण्याचा प्रश्न दुहेरी ठरतो.

फीत म्हणजे प्लॅस्टिकची लांब पट्टी होय. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा थर एका चिकट द्रव्याच्या साहाय्याने बसविलेला असतो. हवेतील ओलाव्याने हे द्रव्य कालांतराने मऊ पडू शकते; मग फीत यंत्रात चिकटते आणि भुकटी निघून येते. थंड व कोरड्या जागी ती अधिक काळ टिकते.

परंतु केवळ फीत टिकून भागत नाही. १९६६ व १९६७ साली अमेरिकेच्या पाच ‘लूनर ऑर्बिटर’ यानांनी पाठविलेली चंद्राची छायाचित्रे सुमारे १,५०० फितींवर साठविण्यात आली. त्या वाचणारी अवजड यंत्रे पुढे वापरातून गेली. नॅन्सी एव्हान्स या महिलेने फिती नष्ट होऊ दिल्या नाहीत. काही यंत्रेही तिने आपल्या घरच्या गॅरेजमध्ये सांभाळली. २००८ साली तीच यंत्रे मोठ्या कष्टाने दुरुस्त करण्यात आली. तेव्हा २३ ऑगस्ट १९६६ रोजी टिपलेले, चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे चित्र पूर्वी छापलेल्या चित्रापेक्षा अधिक बारकाव्यांनिशी प्रकट झाले.

ती यंत्रे भंगारात गेली असती, तर फिती शाबूत असूनही मुक्याच राहिल्या असत्या. यास्तव जुने यंत्र चालू आहे तोवरच त्यावरील नोंदींच्या प्रती नव्या साधनांवर उतरवून घेणे आणि त्या अधूनमधून तपासणे इष्ट होय.