पहिल्या पिढीची उमेदवारी

ज्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्या घरचा मुलगा वा मुलगी पदवीच्या वर्गात बसली, की आपण तिचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण तिची खरी कसोटी पुढेच असते. हल्ली ज्याला 'इंटर्नशिप' म्हणतात, त्या उमेदवारीत ती लागते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अशा प्रत्यक्ष कामाला पदवीच्या शिक्षणात महत्त्व दिले आहे. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर तरी या प्रश्नाचा विचार अगत्याने व्हावा, असे आम्हांस वाटते.

कामाला जागा नाही, असे नाही. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठही त्याच वर्षीचे. थळला खताचा मोठा कारखाना आहे. कोळीवाड्यातला वा भातशेतीवरचा विद्यार्थी अशा ठिकाणी जातो, तेव्हा यंत्र पाहून तो सहसा बुजत नाही. तो अडतो भलत्याच जागी. साहेबांना शंका केव्हा विचारावी? चूक झाली तर कोणाला सांगावे? नोकरदाराच्या घरी या गोष्टी जेवताना कानांवर पडतात. याच्या घरी त्या सांगणारे कोणी नसते. मग रीत ठाऊक नाही, याचा अर्थ तो 'आपल्याला अक्कल नाही' असा लावून घेतो, आणि गप्प बसतो.

'हे मला जमेल' ही भावना येते कोठून? अल्बर्ट बँड्यूरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली तिचे चार उगम सांगितले. सर्वांत बळकट उगम म्हणजे स्वतः तडीस नेलेले काम. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे. तिसरा, दुसऱ्याने दिलेला धीर. चौथा, शरीराची अवस्था. छाती धडधडली, की माणूस तिलाच आपल्या नालायकीचा पुरावा समजतो. नुसत्या शाबासकीने का भागत नाही, हे यावरून कळेल. महिनाभर कागदांच्या नकला काढणाऱ्याच्या हाती पहिला उगम लागतच नाही.

आपल्या होड्यांवर हे शास्त्र जुनेच आहे. नवा पोर आधी पाणी उपसतो, दोर आवरतो, मासळी निवडतो. तांडेलाच्या नजरेखाली एकेक काम पुरे करीत तो सुकाणूपाशी पोचतो. कचेरीत मात्र आपण त्याला पहिल्या दिवशीच खोल पाण्यात सोडतो, नाहीतर काठावरच बसवून ठेवतो.

पैशाचा प्रश्नही आहेच. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. महाविद्यालयीन इंटर्नशिप मात्र पुष्कळदा बिनपगारी असते. गाडीभाडे घरून आणायचे आणि सुट्टीतली मजुरीही बुडवायची, हे सर्वांना कसे परवडावे?

या सभागृहात वकील आहेत, डॉक्टर आहेत, बँकेतले अधिकारी व कारखानदार आहेत. आपल्याकडे असा उमेदवार आला, तर पहिल्या दिवशी अर्धा तास बसून कामाच्या रीती सांगाव्यात. एक लहान काम संपूर्ण त्याच्यावर सोपवावे. काय बरोबर झाले व काय चुकले, ते स्पष्ट शब्दांत सांगावे. शक्य तर त्याच्याच गावचा, आधी येऊन गेलेला एखादा तरुण त्याला भेटवावा, आणि निदान गाडीभाडे तरी द्यावे.