ओकायामाची राखीव धावपटू

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सुट्टीच्या दिवशी तळ्यातले रंगीत मासे बघायला पोरांची झुंबड उडते. या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांची जुनी बाग आहे, तिच्या धर्तीवर ही बाग उभी राहिली. त्यामुळे टोकियो, ओसाका, हिरोशिमा सोडून जपानमधल्या आणखी एखाद्या गावाचं नाव पुणेकराच्या कानावरून गेलं असेल, तर ते ओकायामाचं. पण जपानी माणसासमोर ओकायामाचा विषय काढला, तर बागेच्या आणि तिथल्या प्रसिद्ध पीचच्या पाठोपाठ एक वेगळंच नाव पुढे येण्याची शक्यता दाट असते. ते म्हणजे युको आरिमोरी.

दोन ऑलिंपिक, दोन पदकं. 1992 साली बार्सिलोनात रौप्य, 1996 साली अटलांटात कांस्य. सुवर्ण एकही नाही. तिच्यानंतर आलेल्या नाओको ताकाहाशीने 2000 साली सिडनीत आणि मिझुकी नोगुचीने 2004 साली अथेन्समध्ये मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं. ताकाहाशी तर 2001 साली बर्लिनमध्ये 2 तास 20 मिनिटांच्या आत मॅरेथॉन पळणारी जगातली पहिली स्त्री ठरली. नुसती घड्याळं लावून बघितलं तर युको या दोघींच्या बरीच मागे आहे. तरीही जपानी मॅरेथॉनची खरी गोष्ट सांगायची तर सुरुवात तिच्यापासूनच करावी लागते. आधी स्वतःला संघात घ्यायला लावायचं, मग आपलं म्हणणं ऐकायला लावायचं, असा तिचा सगळा प्रवास आहे. पळणं तिने त्यासाठी वापरलं, असं म्हटलं तरी चालेल.

जन्म 17 डिसेंबर 1966 चा. जन्मतःच दोन्ही खुब्यांचे सांधे निखळलेले. मोठेपणी ही मुलगी बेचाळीस किलोमीटर पळेल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. शाळेत ती बास्केटबॉल खेळायची. क्रीडादिनाच्या 800 मीटर शर्यतीत मात्र ओळीने पहिली यायची, आणि तेवढ्या भांडवलावर उच्च माध्यमिक शाळेत गेल्यावर तिने ठरवलं की आता ॲथलेटिक्सच्या संघात जायचं. संघाच्या शिक्षकांनी नकार दिला. अनुभव नाही, नोंद नाही, घ्यायचं कशाच्या जोरावर? ही रोज त्यांच्या दारात. जवळजवळ महिनाभर हे चाललं. शेवटी कंटाळून म्हणा, कौतुकाने म्हणा, त्यांनी घेतलं.

इथे एकिदेनबद्दल सांगायलाच हवं, कारण ते कळल्याशिवाय जपानमधलं लांब पल्ल्याचं धावणं कळत नाही. एकिदेन म्हणजे रस्त्यावरची सांघिक टप्प्यांची शर्यत. हातात दांडू नसतो. तासुकी नावाचा कापडी पट्टा खांद्यावरून तिरका घालतात आणि टप्पा संपला की पुढच्या गड्याच्या हाती देतात. आपल्यामुळे पट्टा पोहोचायला उशीर झाला, ही बोच जपानी धावपटूला हरण्यापेक्षा जास्त लागते. नववर्षाला दोन दिवस चालणारं विद्यापीठांचं हाकोने एकिदेन बघायला निम्मा देश दूरदर्शनसमोर बसलेला असतो. महिलांसाठी 1983 पासून दर जानेवारीत क्योटोत प्रांतांचं एकिदेन भरतं. एकूण अंतर मॅरेथॉनएवढंच, 42.195 किलोमीटर, टप्पे नऊ. युको उच्च माध्यमिक शाळेची तिन्ही वर्षं ओकायामाच्या संघाबरोबर क्योटोला गेली आणि तिन्ही वर्षं राखीव राहिली. एक पाऊलही पळायला मिळालं नाही.

क्योटोच्या जानेवारीत राखीव खेळाडू होणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघावी. गरम कपड्यांत उभं राहायचं, दुसऱ्यांना टाळ्या द्यायच्या आणि कुणाचा पाय मुरगळावा असं मनात येऊ न देण्याचा प्रयत्न करायचा. अशाच एका वर्षी उद्घाटनाच्या समारंभात तोमोया ताकाइशी या लोकगायकाने मुलींसमोर काही ओळी म्हटल्या. इथवर पोहोचलेल्यांनी दुसऱ्याच्या कौतुकाची वाट न बघता स्वतःचं स्वतः कौतुक करावं, असा त्यांचा आशय होता. ऐकून राखीव मुलगी रडली. पण आपण अजून त्या लायकीचे झालो नाही, असंही तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. या गोष्टीचा पुढचा भाग अटलांटात येतो.

टोकियोच्या क्रीडा विद्यापीठातली चार वर्षंही अशीच, नाव घेण्यासारखं काही नाही. त्या देशात धावपटूचा पोशिंदा म्हणजे कंपनी. ती नोकरी देते, संघ पोसते, प्रशिक्षक ठेवते, आणि धावपटू कागदोपत्री तिचा कर्मचारी असतो. राष्ट्रीय स्पर्धेत नाव नसलेल्या मुलीला असा संघ घेणार कसा? युको थेट योशिओ कोइदेंना जाऊन भेटली. दाढीवाले, दारूचे शौकीन, मोठमोठ्याने हसणारे कोइदे तेव्हा शाळेतली मास्तरकी सोडून रिक्रूट कंपनीच्या संघाकडे नुकतेच आले होते. तिची कामगिरी बघून ते चक्रावले आणि तिची जिद्द बघून पाघळले. 1989 मध्ये ती रिक्रूटमध्ये दाखल झाली. माणूस ओळखण्यात कोइदेंचा हात धरणारा कुणी नव्हता. पुढे ताकाहाशीही त्यांच्याच तालमीत घडली. 2019 साली ते वारले, तेव्हा जपानी वर्तमानपत्रांनी एखाद्या पंतप्रधानासाठी द्यावी तशी जागा त्यांना दिली.

1990 च्या ओसाका मॅरेथॉनमध्ये ती पहिल्यांदा पूर्ण अंतर पळली आणि सहावी आली. वेळ 2 तास 32 मिनिटे 51 सेकंद, पहिल्याच मॅरेथॉनसाठी जपानी विक्रम. पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर 2 तास 28 मिनिटे 1 सेकंद. हा तर थेट राष्ट्रीय विक्रम. त्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत चौथी. तिथे रौप्य मिळालं तिच्याच देशाच्या साचिको यामाशिताला.

आणि मग 1992 चा तो वाद, ज्यावर जपानी क्रीडारसिक अजून बाह्या सरसावतात.

बार्सिलोनासाठी जागा तीन. यामाशिता पक्की. जानेवारीत ओसाकात युमी कोकामो 2 तास 26 मिनिटे 26 सेकंदांत पहिली आली, तीही पक्की. तिच्यामागे 2 तास 27 मिनिटे 2 सेकंदांत आली आकेमी मात्सुनो, पहिलीच मॅरेथॉन पळणारी. म्हणजे युकोच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तब्बल 59 सेकंद कमी. युकोच्या बाजूला होतं फक्त टोकियोतलं चौथं स्थान. जपानच्या ॲथलेटिक्स संघटनेने निर्णय जाहीर करण्याआधी मात्सुनोने जपानमध्ये कधी न घडलेली गोष्ट केली: पत्रकार परिषद बोलावून, कॅमेऱ्यांसमोर, मलाच निवडा, मी पदक आणते, असं उघड मागणं मागितलं. जिथे आपल्याबद्दल बोलताना मान खाली घालायची, त्या समाजात या मागण्याने खळबळ उडाली. निवड झाली युकोची.

आकड्यांपुरतं बोलायचं तर मात्सुनोवर अन्याय झाला. युकोने पदक आणल्यामुळे तो पुसला जात नाही. निकाल बरोबर आला म्हणून पद्धत बरोबर ठरत नसते. गंमत अशी की या दोघींचा स्वभाव एकच. एकीने शिक्षकांच्या दारात धरणं धरलं, दुसरीने कॅमेऱ्यांसमोर. हा गोंधळ पुढे प्रत्येक ऑलिंपिकला थोड्याफार फरकाने होतच राहिला. थेट 2019 मध्ये संघटनेने एकच निवड शर्यत ठेवली आणि त्यातल्या पहिल्या दोघांना आपोआप जागा दिली, तेव्हा कुठे तो बराचसा मिटला. मात्सुनो नंतर राजकारणात गेली आणि 2022 मध्ये जपानच्या संसदेत पोहोचली. मत मागण्याचा सराव तिला होताच!

आता बार्सिलोना. 1 ऑगस्ट 1992, संध्याकाळचे साडेसहा. सुरुवात मातारो या समुद्रकाठच्या गावातून, शेवट मोंजुइक टेकडीवरच्या स्टेडियममध्ये. उकाडा भूमध्य समुद्राकाठचा, अंगाला चिकटणारा. मार्ग आखणाऱ्याने सगळ्यात अवघड चढ अगदी शेवटी ठेवला, जेव्हा पायांत काही उरलेलं नसतं. संयुक्त संघाची, म्हणजे नुकत्याच फुटलेल्या सोव्हिएत संघाची, वालेंतिना येगोरोवा आधीच सुटून पुढे गेली होती. युकोने एकेक करत बाकीच्यांना मागे टाकलं आणि 35 किलोमीटरच्या सुमाराला तिला गाठलं. तिथून पुढची शर्यत दोघींचीच.

याचं चित्रीकरण इंटरनेटवर सापडतं, आणि निकाल पाठ असूनही प्रस्तुत लेखकाला ते मधेच बंद करता आलेलं नाही. अंधार पडत आलेला, वर चढत जाणारा रस्ता, आणि खांद्याला खांदा लावून पळणाऱ्या दोन बायका. एक अर्धं पाऊल पुढे जाते, दुसरी ते भरून काढते. पुन्हा तेच. कुणी वळून बघत नाही. मॅरेथॉन हा दूरदर्शनवर बघायला कंटाळवाणा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही पंधरा-वीस मिनिटं बघावीत. स्टेडियम जवळ आल्यावर येगोरोवाने जोर लावला आणि तेवढं अंतर तुटलं ते तुटलंच. येगोरोवा 2 तास 32 मिनिटे 41 सेकंद, युको 2 तास 32 मिनिटे 49 सेकंद. बेचाळीस किलोमीटरनंतर फरक आठ सेकंदांचा, म्हणजे त्या वेगाने फार तर पस्तीस-चाळीस मीटरचा. कांस्यपदक न्यूझीलंडच्या 37 वर्षांच्या लॉरेन मोलरला, यामाशिता चौथी.

युको पोहोचली तेव्हा जपानमध्ये 2 ऑगस्टची पहाट झाली होती. या तारखेशी ओकायामाचं जुनं नातं आहे. 2 ऑगस्ट 1928 रोजी ॲमस्टरडॅममध्ये महिलांच्या 800 मीटरची अंतिम शर्यत झाली. तीत जर्मनीच्या लिना राडकेच्या मागोमाग रौप्य जिंकणारी किनुए हितोमी ओकायामाचीच. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. आली होती खरं तर 100 मीटरसाठी. तिथे उपांत्य फेरीत हरली, रिकाम्या हाताने घरी कसं जायचं म्हणून स्पर्धेत कधी न पळलेल्या 800 मीटरमध्ये उतरली आणि 2 मिनिटे 17.6 सेकंदांत दुसरी आली. शर्यतीनंतर बायका कोसळल्या, मरायला टेकल्या, अशी भडक वर्णनं वर्तमानपत्रांनी छापली. त्या अतिशयोक्तीच्या आधाराने ही शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली ती 1960 पर्यंत. हितोमी स्वतः वर्तमानपत्रात नोकरी करायची, हा दैवदुर्विलासच. न्यूमोनियाने ती गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती; तारीख 2 ऑगस्ट 1931. तिच्यानंतर मैदानी खेळांत पदक मिळवणारी जपानी स्त्री म्हणजे युको, मध्ये चौसष्ट वर्षं गेली.

800 मीटरची ही गत, तर मॅरेथॉनला त्याहून जास्त वाट बघावी लागली. महिला मॅरेथॉनचा इतिहास थोडक्यात उरकायचा तर असा: केवळ महिलांसाठीची, आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता असलेली पहिली मॅरेथॉन 1979 साली टोकियोत झाली, ऑलिंपिकमध्ये ही शर्यत 1984 साली लॉस एंजेलिसला आली आणि ती अमेरिकेच्या जोन बेनॉइटने जिंकली.

बार्सिलोनाच्या पदकानंतरचा काळ युकोला जड गेला. पदकवाल्या खेळाडूच्या म्हणण्याला वजन येईल, सरावाच्या आणि खेळाडूंच्या परिस्थितीबद्दल आता बोलता येईल, अशी तिची समजूत होती. झालं उलटं. ही आता चढून बोलते, असा सूर निघाला. ती एकटी पडली, सराव नीट होईना, टाचांचं दुखणं बळावलं आणि 1994 मध्ये दोन्ही टाचांवर शस्त्रक्रिया झाली. संपली, असं बहुतेकांनी धरलं. 1995 च्या ऑगस्टमध्ये होक्काइदो मॅरेथॉन तिने 2 तास 29 मिनिटे 17 सेकंदांत जिंकली आणि अटलांटाची जागा मिळवली.

अटलांटात इथिओपियाची फातुमा रोबा फारच पुढे निघून गेली. येगोरोवा दुसरी. तिसऱ्या जागेसाठी शेवटच्या टप्प्यात मागून जर्मनीची कात्रिन डोरे येत होती. 1991 च्या ओसाकात आणि टोकियोतही युकोला हरवलेली. या वेळी तिला सहा सेकंद कमी पडले. युको तिसरी, 2 तास 28 मिनिटे 39 सेकंद. मैदानावरच मुलाखत झाली. डोळ्यांत पाणी घेऊन ती म्हणाली की आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं कौतुक करावंसं वाटतंय. क्योटोतल्या त्या राखीव मुलीने अकरा-बारा वर्षं बाजूला ठेवलेलं वाक्य होतं ते. जपानभर ते तोंडोतोंडी झालं, वर्षातल्या सर्वांत गाजलेल्या शब्दप्रयोगांना मिळणारा पुरस्कारही त्याला मिळाला.

लोकांना ते वाक्य आठवतं. त्यानंतरचं भांडण मात्र फारसं कुणाला आठवत नाही, आणि महत्त्वाचं ते आहे. त्या काळी जपानी खेळाडूच्या चेहऱ्यावर खेळाडूचा हक्क नव्हता. जाहिरातींत छायाचित्र वापरण्याचे अधिकार ऑलिंपिक समितीकडे एकगठ्ठा असत आणि त्यातून येणारा पैसा खेळांच्या विकासाला जाई. युकोने म्हटलं, माझा चेहरा माझा. 1996 च्या अखेरीस तिने आपण व्यावसायिक धावपटू होत असल्याचं जाहीर केलं. ऑलिंपिकमधून आली आणि पैशाच्या मागे लागली, अशी टीका झाली. बरीच ओढाताण होऊन तिला मोकळीक मिळाली. आज जपानी खेळाडू स्वतःचे करार स्वतः करतात, तेव्हा ही वाट कुणी पाडली हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

1996 च्याच डिसेंबरात कंबोडियात अंकोरवाट हाफ मॅरेथॉन सुरू झाली, भूसुरुंगांनी पाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव मिळावेत म्हणून. युको पहिल्यापासून तिच्याशी जोडलेली. 1998 मध्ये त्यासाठी 'हार्ट्स ऑफ गोल्ड' ही संस्था निघाली. दरम्यान तिचं पळणं चालूच होतं. कारकिर्दीतली सर्वांत चांगली वेळ, 2 तास 26 मिनिटे 39 सेकंद, तिने 1999 साली बॉस्टनमध्ये नोंदवली, बत्तिसाव्या वर्षी. शेवटची शर्यत म्हणजे फेब्रुवारी 2007 ची पहिलीवहिली टोकियो मॅरेथॉन. थंडी, पाऊस आणि पाचवा क्रमांक.

जून 2025 मध्ये जपानच्या ॲथलेटिक्स महासंघाने युको आरिमोरीला अध्यक्ष निवडलं. या खुर्चीवर बसलेली ती पहिली स्त्री. बार्सिलोनासाठी जिने तिची निवड केली होती, तीच ही संघटना. तीन महिन्यांत टोकियोत जागतिक स्पर्धा आली, 1991 नंतर पहिल्यांदाच. महिलांच्या मॅरेथॉनमध्ये जपानच्या काना कोबायाशीने सातवं स्थान मिळवलं. ही मुलगी विद्यापीठात असताना अधिकृत ॲथलेटिक्स संघात नव्हतीच. हौसेने पळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका मंडळात ती पळायची.