टेस्ट पास, पण दंडाचा हिशेब चुकला! जावास्क्रिप्टमध्ये कोड ‘सुटा’ करून का तपासतात?

एखाद्या पतसंस्थेच्या ऑनलाइन सेवेत हप्त्याची शेवटची तारीख १० जानेवारी आहे असं धरा. कर्जदाराने ११ तारखेला रात्री दीड वाजता पैसे भरले. दंड लागायला हवा, पण लागत नाही. कारण प्रोग्रॅमने आजची तारीख ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ने काढलेली असते आणि ते नेहमी यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ देतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री १२ ते पहाटे ५.३० पर्यंत प्रोग्रॅमच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. टेस्ट मात्र ऑफिसच्या वेळेत चालवतात, तेव्हा सगळं बरोबर दिसतं.

घोळ गणितात नाही. दंड काढणारं फंक्शन स्वतःच जाऊन घड्याळ बघतं, हा घोळ आहे. असंच ते डेटाबेस उघडत असेल किंवा एसएमएस पाठवत असेल, तर टेस्ट मंदावते, नेट गेलं की फेल होते आणि एखाद्या दिवशी खऱ्या ग्राहकाला खोटा मेसेजही जातो.

यावरचा सरळ उपाय म्हणजे फंक्शनला लागणाऱ्या गोष्टी बाहेरून देणे. ‘आज किती तारीख?’ हे त्याने विचारायचं नाही, आपण हातात द्यायची. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम तेवढंच. मग टेस्टमध्ये रात्री दीडची वेळ देऊन दंड लागतो का, हे भरदुपारी बघता येतं.

जुन्या कोडला हात लावणं जमत नसेल, तर ‘जेस्ट’सारखं साधन खोटं घड्याळ लावून देतं, अख्खं मोड्यूलही बदलून देतं. अशा बदली भागांना जेरार्ड मेझारोस यांनी २००७ च्या पुस्तकात ‘टेस्ट डबल’ म्हटलं. सिनेमात हिरोच्या जागी उडी मारणारा डबल असतो, त्यावरून. ठरलेलं उत्तर देतो तो स्टब; आपल्याला कसं बोलावलं गेलं, याचीही पडताळणी करतो तो मॉक.

पण डबलवर भिस्त ठेवायची किती? अनेक पेमेंट गेटवे रक्कम पैशांत मागतात. ५०० रुपयांसाठी ५०,००० पाठवावे लागतात. प्रोग्रॅमरने नुसते ५०० पाठवले तर त्यानेच लिहिलेला मॉक ‘पैसे जमा’ म्हणून मोकळा होतो. खऱ्या गेटवेवर खात्यातून ५ रुपयेच जातात! मॉकला तेवढंच कळतं, जेवढं लिहिणाऱ्याला माहीत असतं. म्हणून उठसूट सगळंच मॉक करणं चुकीचं. बेरीज-वजाबाकीची फंक्शन्स आहेत तशीच वापरावीत. घड्याळ, नेटवर्क, पैसे यांनाच डबल लावावेत. शिवाय गेटवे कंपन्या चाचणीसाठी वेगळा ‘टेस्ट मोड’ देतात, त्यावर मोजक्या टेस्ट खऱ्या जोडणीने चालवाव्यात. त्या हळू चालतात, म्हणून रोज दहादा नको. नवीन आवृत्ती ग्राहकांपर्यंत जाण्याआधी मात्र चालवायलाच हव्यात.